उजवा हात आणि डॉक्टरांची चूक

४ जून, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. उजवा हात बसल्याबसल्या थरथरतो, त्याचा छडा मी स्वतः लावणार. सव्वीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवतोय, बाहेरचा माणूस कशाला? पहिला संशयित चहा. चहा बंद.

५ जून
चहा चालू. हात तसाच. म्हणजे चहा निर्दोष. संशोधन असंच पुढे सरकतं.

९ जून
मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. नववीची तक्रार आहे की फळ्यावरचं माझं अक्षर मुंगीएवढं असतं आणि ओळीच्या शेवटी तेही राहत नाही. मी म्हणालो, खडू निकृष्ट आहेत. त्या म्हणाल्या, बाकीचे सरही तेच खडू वापरतात. शिवाय मुलं विचारतात, सर सारखे रागावलेले का? घरी येऊन आरशात पाहिलं. रागावलेला नाही. चेहरा गंभीर आहे. शिक्षकाचा असावाच.

११ जून
दूध करपलं. ही आंघोळ अर्धी टाकून धावत आली. मी शेगडीशेजारीच पेपर वाचत होतो. वास नाही का आला, म्हणाली. सर्दी आहे, म्हणालो. चार वर्षं? म्हणाली. जुनाट सर्दी असते, हे हिला माहीत नाही.

१५ जून
गणिताचे सर, ज्यांना सगळी शाळा भूमिती म्हणते, म्हणाले की चालताना माझा डावा हात हलतो, उजवा कंपासपेटीत ठेवल्यासारखा राहतो. मी म्हणालो, मी शिस्तीत चालतो. एका हातापुरतीच शिस्त का, म्हणाले. या माणसाशी बोलणं कमी करायचं.

१९ जून
पहाटे स्वप्नात कुत्रा अंगावर आला. मी लाथ घातली. कुत्र्याला लागली नाही, हिला लागली. मांडी काळीनिळी. सकाळी हिने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मांडीमुळे मला विरोध करता आला नाही.

२२ जून
डॉक्टर वयाने लहान. बोटं आपटायला लावली, उठबस करायला लावली, मनगट फिरवून पाहिलं. पार्किन्सन्स, म्हणाले. हिने पदराचं टोक घट्ट धरलं. मला काही वाटलं नाही. समोरच्या कॅलेंडरवर बोटीचं चित्र होतं, ते पाहत होतो.

ते हिला समजावू लागले: मेंदूच्या बुडाशी एक काळसर पट्टा असतो, तिथल्या पेशी हालचालींना लागणारं डोपामाइन बनवतात, त्या मरतायत. मध्येच मी म्हणालो, बुडाशी नाही, मध्यमेंदूत. कागद मागून आकृती काढून दिली. नावं दिली. त्या पेशींत एका प्रथिनाच्या गुठळ्या होतात, त्याही दाखवल्या. हात थरथरेपर्यंत निम्म्याच्या वर पेशी गेलेल्या असतात, हेसुद्धा मीच सांगितलं. डॉक्टरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग खिडकीजवळ. म्हणाले, सर, अक्षराचा नमुना मागणारच होतो. आकृती फाइलला लावली. परत मिळाली नाही.

२३ जून
कारणं तपासली. आनुवंशिकता? घराण्यात कोणाला नाही. शेतावरची विषारी फवारणी? मी कुंडीलासुद्धा कधी काही मारलेलं नाही. वय? फक्त चोपन्न. एकही लागू नाही. बहुतेक रोग्यांत ठोस कारण सापडतच नाही, असं पुस्तकात आहे. ते वाक्य मला पटत नाही. वास जाणं, बद्धकोष्ठ, झोपेत लाथा, हे वर्षानुवर्षं आधी सुरू होऊ शकतं, असंही त्याच पानावर आहे. पुस्तक जुनं आहे.

२५ जून
मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, वर्गांऐवजी ग्रंथालय सांभाळाल का? पंधरा दिवस मागितले. डॉक्टरांची चूक पुराव्यानिशी दाखवतो, म्हणालो. त्यांनी पंधरा दिवस दिले.

२६ जून
पुराव्याची योजना. डोपामाइन थेट मेंदूत शिरत नाही, म्हणून गोळीतून त्याचा कच्चा माल पाठवतात. माझं डोपामाइन मुळात पुरेसं असेल, तर गोळीने काडीचा फरक पडणार नाही. तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या घ्यायच्या, अगदी वेळेवर, आणि फरक न पडल्याचं लिहून ठेवायचं. गोळ्या घेतोय म्हणून ही खूश. कारण सांगितलं नाही.

२९ जून
फरक नाही. मळमळ. डॉक्टरांना पाठवायच्या पत्राचा मायना लिहिला.

२ जुलै
फरक नाही. शर्टाची बटणं लवकर लागली, पण शर्ट सैल आहे.

४ जुलै
भूमिती म्हणाले, आज बरा दिसतोस. लिहून ठेवण्यासारखं काही नाही.

६ जुलै, दुपार
शाळेतून रजा काढली. गोळी घेऊन तासाभराने हिच्याबरोबर टपालकचेरीत निघालो. चढाचा रस्ता. मी चालत राहिलो. मागून हाक आली, अहो, थांबा की, धाप लागली मला. वळून पाहिलं तर ही विजेच्या तीन खांबांइतकी मागे. मी कधी पुढे गेलो ते कळलंच नाही.

मी थांबलो. उजवा हात स्वस्थ होता. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. काही वाटलं नाही.

ही आली. धापा टाकत हसत होती, भररस्त्यात माझा दंड धरून. म्हणाली, बघा, लागू पडली ना गोळी? मी म्हणत नव्हते?

मी म्हणालो, हो. लागू पडली.