तळव्यापर्यंतची लाट

नारायण पेठ, पुणे
१८ नोव्हेंबर २००९

चि. दिगंबर,
अनेक आशीर्वाद. इकडे ठीक म्हणायचे तर ठीक आहे. माझा खोकला आहे तसाच. फोनवर तू घाईत असतोस आणि तुझी आई कान देऊन ऐकते, म्हणून हे कुरिअरने पाठवतो. बंगळूरला शनिवारी पोचते म्हणाले. पोचेल ना?

तुझ्या गणिताचे काय झाले? नसेच्या पातळ पापुद्र्यावरून एकटी लाट जाते, वाटेत विरत नाही, असे तू गेल्या दिवाळीत आईला समजावलेस. कपडे वाळत घालायची दोरी तिच्या बधिर पायाला बांधलीस, दुसरे टोक तिच्या हातात दिलेस. तिने झटका दिला आणि उंचवटा सरसर पायापर्यंत गेला. किती हसली. जिन्यात मी तुला म्हटले, हिला हे खरे वाटेल, पायाला पुन्हा कळायला लागेल म्हणून वाट बघत बसेल. तू म्हणालास, "बाबा, ही नुसती समीकरणं आहेत." तिला मात्र सांगितले नाहीस.

साखरेने आधी अंगठा काळा पडला, मग पाऊल. डॉक्टर कापा म्हणाले. ती म्हणे, दिगूचे गणित सुटेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. ताप उतरेना. शेवटी मी म्हणालो, "सुटलं. त्याचा फोन आला होता. दवाखान्यात जरासं काम आहे." साखरेने यंदा नजरही गेली, तिला दिसत नाही, संमतीच्या कागदावर सहीची जागा मीच बोट धरून दाखवली. तुला कळवले नाही. तू तिला खरे सांगितले असतेस.

परवा शुद्धीवर आली आणि म्हणाली, "अहो, पाऊल जाणवतंय." तळव्याला मुंग्या, अंगठ्याला खाज. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगत होती, माझ्या मुलाने केले. डॉक्टर म्हणतात, कापलेला पाय असा भासतो.

ती पाय चेपायला सांगते. मी चादर चेपतो. वर म्हणते, जेवला नाहीत का, जरा जोर लावा.

सोमवारी पट्टी सोडतील, तेव्हा तिचा हात खाली जाईल. त्याआधी ये आणि तूच सांग. गणित चुकले म्हण, बाप खोटारडा म्हण. आला नाहीस तर मी सांगेन की पाय कापायला तूच सांगितलेस. तुझा शब्द ती मोडत नाही.

तिने लिहायला लावले ते लिहितो. तू येशील तेव्हा स्टेशनवर ती स्वतः चालत घ्यायला येणार आहे.

तुझा
बाबा