पेन्सिलीची पैठणी

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही काढलेल्या आईच्या चित्रापुढे उभी राहिले की माझं डोकं फिरतं. मी कॉलेजात इतिहास शिकवते. पोरांना जुनी रेखाचित्रं दाखवते आणि सांगते, आधी चेहरा बघू नका, कपडे बघा. पगडी कुणाला आहे, जोडा कुणाच्या पायात आहे, उघड्या अंगानं वारा कोण घालतंय, त्यावरून कोण कुठल्या पायरीवरचं ते कळतं. पोरं वहीत उतरवून घेतात आणि मला घाटनांदूरचं तुमचं दुकान आठवतं. मेलेल्या माणसाचा फोटो यायचा, तुम्ही त्यावर पेन्सिलीनं चौकोन आखायचात आणि मोठ्या कागदावर चित्र काढायचात. पाटलांच्या घरचे बजावून जायचे, "फेटा जरा मोठा घ्या." आपल्या वस्तीतल्या मयताला मात्र तुम्ही न मागता कोट चढवायचात, खिशाला पेन. कोट एकच, माणसं बदलायची. "आबा, यांनी जन्मात कोट घातला नव्हता," असं मी एकदा म्हणाले, तर खेकसलात, "म्हनूनच घालतोय. उघडं तर समद्या गावानं बघितलंच हाय." तेव्हा मला तुमचा लई अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

मग आई गेली. तिचा एकुलता एक फोटो रानात काढलेला. कापूस वेचताना हात ओरबाडू नयेत म्हणून लुगड्यावर तुमचा जुना शर्ट घातलेला, पाट्या रंगवताना डाग पडलेला. तुम्ही त्या फोटोवर चौकोन आखलेत आणि कागदावर पैठणी आली, गळ्यात सोन्याचा हार आला. मी रडून सांगतेय, "शर्ट तरी ठेवा." तुम्ही मान वर करत नाही. "लोक काय म्हनतील? बायकूला धड लुगडं घेतलं न्हाई म्हनतील." म्हणजे इथे मेलेल्या माणसाची इज्जत नव्हती, तुमची होती. ती जिवंत असताना एक बरं पातळ आणलं नाहीत आणि मेल्यावर पेन्सिलीनं पैठणी नेसवलीत. फोटो कुठंय विचारलं तर म्हणालात, "कशाला? काम झालं त्याचं." तो तुम्ही चुलीत घातला होता. याची माफी तुम्हाला माझ्याकडून मिळणार नाही.

परवा माझ्या लेकीला शाळेत घरातल्या जुन्या चित्रावर लिहायला सांगितलं होतं. तिनं लिहिलं, माझी आजी श्रीमंत होती, ते तिच्या कपड्यांवरून कळतं. मीच शिकवलेलं. मग विचारते, "आई, तो हार आता कुठाय?" आजी आबांचा शर्ट घालून रानात जायची, एवढंच सांगायचं होतं. हे पत्र कुठं जाणार नाही म्हणून तुम्हाला सांगते. मी म्हणाले, चोरीला गेला.