जिभेवरचा निरोप

११ नोव्हेंबर, दिंद्रुड

पोचले एकदाची. माजलगावपासून एसटीत रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते. शेजारची बाई सारखी विचारत होती, ह्यात काय हाय, दागिने का. शाळेनं दिलेली खोली अजमतबींच्या माडीवर आहे. खाली त्यांचा मुलगा मतीन शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो, त्यामुळे जिन्यात वार्निशचा वास असतो. तो वास मला आवडला.

मतीनची लेक अस्मा नववीत आहे. तिनं माझी पेटी वर आणली. पायऱ्या संपेस्तोवर मला गावातली निम्मी भांडणं कळली होती. अजमतबी हसून म्हणाल्या, “हिची जीभ झोपेत बी थांबत न्हाई मॅडम. तुमच्या मशिनीत घाला हिला.”

उद्यापासून मुलांना हौशी रेडिओ शिकवायचा, स्वतःच्या सेटवरून दूरच्या अनोळखी स्टेशनांशी बोलायचं. खूप दिवसांनी इतकं हलकं वाटतंय.

१४ नोव्हेंबर

शाळेच्या टाकीपासून कडुनिंबापर्यंत एरियलची तार ताणली. मुलं मान वर करून बघत राहिली, पण मोर्सचा, टिंब-रेघांच्या अक्षरांचा, तक्ता काढताच सगळी कंटाळली. रविराज नावाच्या मुलानं विचारलं की मोबाईल असताना हे टकटक कावून शिकायचं. बरोबरच होतं त्याचं.

मग एक युक्ती केली. तक्ता गुंडाळला आणि जिभेनं शिकवायला लागले. टाळूवर आखूड टिचकी म्हणजे टिंब, डिट; जीभ चिकटवून ओढत सोडली की रेघ, डा. वर्ग एकदम जागा झाला. सगळ्या वर्गात तो ओला चटचटाट. खरं सांगायचं तर मला किळस आली. ओठांच्या कडांना थुंकी, हनुवटीवर ओघळ, बाकावर शिंतोडे. पण घरी जाईपर्यंत मुलांना निम्मी अक्षरं येत होती.

अस्माला सगळी.

१९ नोव्हेंबर

आज मुलांना आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा एक रिवाज सांगितला. एखाद्या स्टेशनचा आवाज क्षीण असेल आणि त्याचा निरोप लांब पोचत नसेल, तर जो ऐकेल त्यानं तो घ्यायचा आणि पुढे द्यायचा. ओळख विचारायची नाही. एकदा ‘मिळाला’ अशी खूण दिली की तो निरोप तुमचा, दुसऱ्या कुणी ‘मिळाला’ म्हणेपर्यंत.

रविराज म्हणाला की हे कुरिअरवाल्यासारखं झालं, फक्त पगार न्हाई. सगळे हसले. अस्मा हसली नाही. तिला परीक्षा देऊन रेडिओचं लायसन काढायचंय. मी मतीनभाईंना शब्द दिलाय की तयारी मी करून घेईन.

२१ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर एक स्टेशन ऐकू आलं. फार क्षीण, आणि हात विचित्र. प्रत्येक माणसाचा मोर्सचा हात वेगळा असतो, पण हा लिबलिबीत होता. दोन अक्षरांमध्ये कुणीतरी गिळतंय असं वाटे. स्वतःचं नाव दिलं नाही. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द, आणि एकच विनंती, निरोप पुढे द्या.

मी अस्माला की-वर, मोर्स वाजवायच्या खटक्यावर, बसवलं. तिचा पहिलाच निरोप. ती जिभेनं सोबत वाजवत उतरवून घेत होती: ओल आहे. तोंड उघडं ठेव.

कुणासाठी, ते यायच्या आत आवाज बुडाला. अस्मानं माझ्याकडे बघितलं. मी मानेनं हो म्हटलं. तिनं ‘मिळाला’ दिलं.

आम्ही तो पुढे पाठवायला बसलो. कुणीच ‘मिळाला’ दिलं नाही.

२४ नोव्हेंबर

अस्मा बोलत नाही. अजमतबींना आधी गंमत वाटली, घरात शांतता आली म्हणाल्या. पण मिटल्या तोंडातून तिची जीभ वाजत असते. जेवताना, अंघोळ करताना. तोच निरोप.

रविराजनं जागा बदलली. अस्मा गटाराचं पाणी पिऊन आली म्हणतो. मी त्याला रागावले, आणि मग तिच्याजवळ वाकले. साचलेल्या हौदाचा वास. मला तोंड फिरवावं लागलं. तिला ते दिसलं.

२६ नोव्हेंबर

मतीनभाईंसोबत माजलगावला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. अस्मानं तोंड उघडलं. जीभ पांढरी, सुजलेली, साईसारखा थर, आणि तो थर हलत होता. गालात सकाळची भाकरी तशीच, करडी झालेली, तारा सुटलेल्या. डॉक्टरांनी चिमट्यानं थर ओढला तर तो ओढतच राहिला. त्यांनी पुन्हा पुन्हा हात धुतले. मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले.

मी बाहेर जाऊन ओकले. मग पायरीवर बसले. ह्या पोरीच्या जिभेला मीच वळण लावलं.

२७ नोव्हेंबर

मतीनभाई बीडच्या मोठ्या दवाखान्यासाठी पैसे जमवतायत. अस्मा पाणीसुद्धा गिळत नाही. उशी भिजून पिवळी. माश्या येतात ओठांवर, ती हाकलत नाही. तोंड आता मिटतच नाही.

अजमतबी म्हणाल्या, “मॅडम, तिला पयल्यासारखं बडबडू द्या. मी कदी गप बस म्हननार न्हाई.”

दुपारभर रेडिओवर हाका मारल्या. निरोप परत घ्या. नुसती खरखर. आणि कुणीतरी गिळल्याचा —

२८ नोव्हेंबर

श्वास अडकतोय तिचा. मतीनभाई गाडी बघायला गेलेत. बीडपर्यंत टिकेल असं वाटत नाही.

रिवाज आहे. दुसऱ्या कुणी घेतला की सुटका.

तिच्या उशाशी बसले. तोंडाशी कान नेला, वास सहन केला. संपूर्ण ऐकला, शेवटपर्यंत. मग तिच्या तळहातावर बोटानं खूण दिली. मिळाला.

जीभ थांबली. ती खोकली, ओंजळभर घाण पडली. मग म्हणाली, दादी, पानी.

नंतर

खाली बडबडतेय. ऐकू येतंय. किती गोड —

माझ्या टाळूला काहीतरी चिकटलंय. पुसलं. पुन्हा. टॉवेलवर तारा.

दाराला आतून कडी घातलीय. कुणाला देणार नाही. रेडिओची वायर तोडली.

नंतर

ओल. दात मऊ लागतात. जीभ माझं ऐकत नाही —

अस्मा दाराशी आलीय. मॅडम, जेवायला चला म्हणते. मी गप्प आहे. पण जीभ वाजतेय. मोठ्यानं. ती बोलायची थांबली. ऐकतेय. तिला प्रत्येक अक्षर येतं, मीच शिक —

दारावर तिचं बोट. नको अस्मा. खूण देऊ नको. नको दे