परतीची बोट

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. परवा बोटीने तिसऱ्या बेटावर पोचले. समुद्र जरा खवळलेला होता, पण उलटी झाली नाही. म्हणजे एकदाच झाली. जेवण वेळेवर होतं, त्याचा घोर लावून घेऊ नकोस.

इथलं जंगल इतकं दाट आहे की भर दुपारीही दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. कपडे वाळतच नाहीत, त्यामुळे पाठीवरची सॅक रोज जड होत चाललीय. काल ओढा ओलांडताना पाय मुरगळला. फार नाही. काठी टेकत, पायाला चिकटलेल्या जळवा काढत डोंगरावरून खाली आले. तुझे गुडघे कसे आहेत? दादा औषधं आणून देतो ना?

संध्याकाळी खोलीच्या मालकिणीने गरम पाण्याची बादली आणली. माझा पाय त्यात सोडत तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "एकटीच? घरी कोण असतं?"

"आई," एवढंच म्हटलं आणि मला रडू कोसळलं. पाणी निवलं तशी बाई दुसरी बादली घेऊन आली.

नोकरी सोडून वर्षभर फिरणार, असं सगळ्यांपुढे छाती ठोकून सांगितलं होतं. दोन महिन्यांतच दमले गं. शुक्रवारच्या बोटीने परत निघतेय. दादा हसेल, हसू दे. शेजारच्या काकूंना काय सांगायचं ते तू ठरव.

आल्यावर दोन दिवस मला कोणी काही विचारू नये, एवढं बघ. नुसतं तुझ्याशेजारी झोपायचंय.

तुझी,
धाकटी