तेवीस जातींचा डबा

१८ जुलै ९८
प्लेटा थंडीत ठेवून चोवीस दिवस झाले. आज डबा उघडला आणि ओरडलेच. जंतूंच्या तेवीस जाती! दक्षिण ध्रुवाकडच्या चिमूटभर भुऱ्या मातीत. गुलाबी, नारिंगी, लिंबासारखी पिवळी, एकीची कड तर अशी की बघतच बसले. सर (आमचे गाईड) म्हणालेले, "बर्फात काय असणार? चार-पाच प्रकार मिळाले तरी प्रबंधाला पुरे." पुरे म्हणे! लॅबच्या उबदार कपाटात दोन दिवस ठेवायचं, काही आलं नाही की फेकायचं, ही यांची पद्धत. थंडीतल्या जिवाला थंडी द्या, महिनाभर दम धरा, मग बोला.
लॅबचं थंड कपाट बंद पडून वर्ष झालं. म्हणून प्लेटा, म्हणजे जंतू वाढवायच्या झाकणाच्या बशा, बिस्किटाच्या डब्यात, टेप लावून, डेअरीच्या कोल्ड रूममध्ये लोण्याच्या खोक्यांमागं. मामा तिथं मशीनवर आहे. डेअरीच्या साहेबाला विचारलेलं नाही. मामा म्हणाला, "इचारलं की न्हाय म्हणत्यात. ठेव की गुमान."

२ ऑगस्ट
मामा जेवायला आलता. म्हणतो, "एवढ्याशा मातीत एवढ्या जाती, आणि वर बर्फ. खात्यात तरी काय गं?" सातवी शिकलेला माणूस. दोन वर्षांत सरांनी हा प्रश्न एकदा विचारला नाही.
सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली दिसतात ढीगभर, प्लेटवर येतात मूठभर. म्हणजे तेवीस हा आकडासुद्धा खोटाच, खरा कितीतरी मोठा.

११ ऑगस्ट
सत्यानाश.
डेअरीत टाकीतलं दूध नासलं, चिकट होऊन तार सुटली. साहेबानं कोल्ड रूम धुंडाळली, डबा सापडला. टेप फाडली आणि सगळ्यावर उकळतं पाणी ओतलं! मला निरोपसुद्धा नाही. मामा निलंबित. चौकशी लागणार.
धावत गेले. साहेब म्हणतो, "आमच्या कोल्ड रूममध्ये काही वाढत नसतं बाई. थंडीत वाढणारे जंतू तुम्हीच आणले."
अहो, राधानगरीकडून चिखलानं माखलेले कॅन येतात ते काय? आपल्या चिखलात थंडी सोसणारे नाहीत? ऐकतोय कोण. तोंडावर दार लावलं.

१३ ऑगस्ट
माझंही चुकलंच. खाण्यापिण्याच्या जागी चोरून जंतू ठेवायचे नसतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरींना मीच शिकवते. पण दूध माझ्या डब्यानं नासलं नाही. नाही म्हणजे नाही.
सर: "मला हे माहीत नव्हतं असं लिहून दे." माहीत नव्हतं? मामानं पाठवलेली बासुंदी वाटी चाटूनपुसून खाल्ली तेव्हा "कोल्ड रूम सापडली, नशीबवान आहेस" कोण म्हणालं? लिहून दिलं नाही. तर म्हणे, "ध्रुवाच्या मातीची तिसरी बाटली उघडायची नाही. ती शेवटची आहे, प्रबंधासाठी आहे."

१६ ऑगस्ट
मामानं खिशातून कागदाची पुडी काढली. आत टाकीच्या नळाचा कुजका वायसर, रबराची चकती. "तीनदा सांगितलंतं, वायसर बदला म्हणून. दूध नासलं त्या दिवशी काढला आणि खिशातच ऱ्हायला बघ."
बुळबुळीत, वास मारणारा. कापसाच्या बोळ्यानं तो थर पुसून घेतला, प्लेटवर लावला, लॅबच्या टेबलावर ठेवला.

१७ ऑगस्ट
एका दिवसात प्लेट भरली! सगळी एकच जात, काडीनं ओढली की तार. टेबलावर, या दमट उबेत. माझे ध्रुवावरचे इथं तग धरत नाहीत, म्हणून तर डेअरीत गेले होते ना! फरक आंधळ्यालाही दिसेल. फक्त शेजारी ठेवून दाखवायला माझे उरलेत कुठं? उकडून मारले.
आणि खिशातल्या वायसरला पुरावा कोण म्हणणार?
तिसरी बाटली उघडली. सरांना विचारलं नाही. प्लेटा घरच्या फ्रिजमध्ये. आईनं दूध, भाज्या, लोणी सगळं बाहेर काढलं. दूध दोन वेळा तापवतेय बिचारी. प्लेटांना महिना लागणार. चौकशी ४ सप्टेंबरला. थंडीतल्या जिवाला घाई कळत नाही.

२९ ऑगस्ट
मामानं सही केली. चौकशीच्या आधीच!
"भाचीचे जंतू माझ्या चुकीने दुधात गेले." असं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. सही केली की कामावर घेतो म्हणाले, घेतलं. मशीनवर नाही, क्रेट धुवायला.
मी घर डोक्यावर घेतलं. "मामा, खोटं लिहिलंस तू! आणखी पंधरा दिवस थांबायचं होतं!"
"सुमे, रिटायर व्हायला दोन वर्सं ऱ्हायल्यात माझी. तुझ्या त्या किड्यांस्नी दम धरता येतोय. माझ्या घरला न्हाय येत."
भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. मामाचा राग नाही आला, तो त्या साहेबाचा आला. आणि माझा.

१२ सप्टेंबर
सव्वीस दिवस. एकोणीस आल्या, त्यातल्या दोन आधी कधीच न दिसलेल्या. कुठं दडल्या होत्या कोण जाणे. आनंद व्हायला हवा. होत नाही.
संध्याकाळी मामा आला, हात पाण्यानं सुरकुतलेले. दारातच म्हणाला, "आज पुन्यांदा तार सुटली की गं. सगळी टाकी. वायसर नवा घातला, पर नळ आतनं कुणी घासलाच न्हाय."
"आता कुणाचं नाव घेतलं?"
"कुणाचंच न्हाय. गप ऱ्हावा म्हणाले."
गप राहा! माझा डबा महिन्यापूर्वी उकडला. मामा मशीनवर नाही. आता कोण उरलं?
आजच्या दुधाची बाटली मामानं जेवणाच्या डब्यात दडवून आणली होती. "घे. पर माझं नाव नगं."

१४ सप्टेंबर
डेअरीचं फाटक, वॉचमनच्या बाकावर. तीन प्लेटा मांडीवर. वायसर, परवाचं दूध, ध्रुव. पहिल्या दोन जुळ्या बहिणी, टेबलावर वाढलेल्या. तिसरी बर्फाच्या पिशवीत.
सरांना काल सांगितलं, तिसरी बाटली संपली. म्हणाले, "मग प्रबंधही संपला समज." समजते.
मामानं आत जाताना मला बघितलं. मान खाली घातली आणि गेला. मी हे दाखवलं तर साहेब पहिलं विचारणार, परवाचं दूध तुला कुणी दिलं? काय सांगायचं अजून ठरलेलं नाही.
वॉचमन: "पिशवीत काय हाय?"
"जंतू."
जरा मागं सरकला. मग म्हणाला, "बसा. साहेबांस्नी सांगतो."
आतून शिपाई येतोय. मामा क्रेटांच्या ढिगाआडून बघतोय.