दोन मीटरमधला फरक

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडेदहाला धाकटीच्या घरी पोचले. तंत्रशाळेतून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी मला कामासाठी बोलावलं, याचा मनातून आनंद झाला होता. तो दिसू नये म्हणून आल्या आल्या जिन्यावरच्या धुळीवरून बहिणीला दोन शब्द सुनावले. ती हसून म्हणाली, ताई आली हे आता शेजारी वेगळं सांगायला नको.

घर छान आहे. मला रस्त्याकडची खोली दिली आहे, टेबल खिडकीशी, उजेड भरपूर. मागची खोली मेहुण्यांच्या कामाची. ते नाटकांसाठी आवाज तयार करतात: वारा, गर्दी, दूरची आगगाडी. भिंतीला एक लांबलचक रॅक आहे. त्याच्या खणाखणांत आवाज घडवणारी छोटी मॉड्यूल्स बसवली आहेत आणि खाली सगळ्यांना वीज देणारा एकच पॉवर सप्लाय. शेवटच्या खणात तळहाताएवढा संगणक, एकाच बोर्डावर सगळा संसार. वायरिंग एकदा तपासून दे, असं धाकटीने पत्रात लिहिलं होतं. मेहुण्यांना मात्र मी येणार हे काल कळलं. हसतमुखाने स्वागत केलं, पण खोली दाखवताना दारातच उभे राहिले.

धाकटी वाळली आहे. दहा पायऱ्या चढताना दोनदा थांबली. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वायरिंग म्हणजे आनंदीआनंद. मॉड्यूल्सना वीज नेणाऱ्या दोन चपट्या पट्टी-केबली उलट्या. लाल कड खाली हवी ती वर. त्या सरळ केल्या. खरी चूक मोठी आहे. छोटा संगणक सप्लायच्या पाच व्होल्टच्या लाइनवर टांगला आहे. त्या लाइनची ऐपत एक अँपिअर. तसं सप्लायवर ठळक छापलेलं आहे. संगणकाला काम करताना दीडच्या वर प्रवाह लागतो. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर वही परत फेकली असती. ही जोडणी पाच मिनिटांत बंद पडायला हवी.

मेहुणे म्हणाले, गेल्या दोन महिन्यांत एकदाही बंद पडलेली नाही. वर मलाच विचारलं, चालतंय ना ताई, मग मोजता कशाला? मी म्हटलं, सवय. त्यावर त्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज दोन मीटर लावले. एक सप्लायच्या तोंडाशी, दुसरा संगणकाच्या तोंडाशी. मध्ये वीतभर वायर, तिला दुसरं काहीही जोडलेलं नाही.

सप्लायकडून प्रवाह जातो ०.४ अँपिअर. संगणकात शिरतो १.६.

नळातून एक तांब्या सोडावा आणि बादलीत चार पडावेत, तसं हे झालं. मीटरांची अदलाबदल केली. वायर बदलली. तेच. म्हणजे कुठेतरी लपवलेली बॅटरी आहे. रॅक भिंतीपासून ओढून पाहिला, खण मोकळे केले. बॅटरी नाही. मेहुणे शेजारी बसून हे सगळं बघत होते. इतका वेळ मुकाट बसणारा माणूस एकतर साधू असतो, नाहीतर चोर.

धाकटी दुपारी जेवताना ताटावरच पेंगली.

९ फेब्रुवारी, रविवार

काल मुद्दाम धाकटीला डॉक्टरकडे पाठवलं. मेहुण्यांनी अडवून पाहिलं: ऊन आहे, पाहुणे येतील, उद्या जाऊ. पाहुणे कोण ते काही सांगता आलं नाही. मी रिक्षा बोलावूनच आणली.

ती गेल्यावर मी मागच्या खोलीत घड्याळ लावून बसले. सातव्या मिनिटाला संगणक बंद पडला. सप्लायवर भार आला, व्होल्टेज ढासळलं, पडदा काळा. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. नियमाप्रमाणे वागणारी वस्तू कितीतरी दिवसांनी पाहिली.

साडेबाराला रिक्षा दारात थांबली. धाकटीने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं असेल-नसेल, संगणकाचा हिरवा दिवा आपोआप लागला. मी हात लावला नव्हता. ०.४ आणि १.६.

डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. अशक्तपणा म्हणाले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मेहुण्यांना सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही, याचीच मला भीती वाटली. ते म्हणाले, हे त्यांनी केलेलं नाही, आपोआपच होऊ लागलं. सुरुवातीला ती घरात असली की चालायचं, नसली की बंद, एवढंच त्यांना कळलं. मग तिला घरात ठेवलं. मोठ्या नाटकाचं काम आहे, पंधरा दिवसांचा तर प्रश्न. नंतर तिला हवी तेवढी विश्रांती. अगदी समजुतीच्या सुरात, जणू मोलकरणीची सुट्टी पुढे ढकलताहेत.

दाराआड धाकटी उभी होती. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, ताई, त्यांचं काम अडलं तर ते कुणाकडे बघणार? तिच्या आवाजात राग नव्हता. मला तिच्या कानशिलात द्यावीशी वाटली.

संध्याकाळच्या गाडीने तिला आमच्या भावाकडे, दादाकडे पाठवलं. गाडीत बसवून, दार लागेपर्यंत हललेच नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

संगणक बंद. घर कसं शांत. दादाचा फोन आला: धाकटी दोन वेळा पोटभर जेवली, अंगणात फिरली. उद्या माझीही गाडी आहे.

काल दिवसभर मेहुणे फुरंगटलेले होते. आज मात्र खुशीत दिसले. स्वतः चहा केला. जाण्याआधी त्या केबली एकदा पुन्हा तपासता का, म्हणाले. अडीच तास मी त्या खोलीत बसले. उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

वयाने असेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी चुकली. बॅग फाटकापर्यंतही नेता आली नाही.

संगणक चालू आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

मनाशी म्हटलं, बाई, रडायचं नाही, दुरुस्ती करायची. संगणकाला पुरेसं मिळत नाही म्हणून तो माणसाकडून घेतो. मग पुरेसं द्या. दुकानदाराला फोन करून तीन अँपिअरचा वेगळा अॅडॉप्टर घरपोच मागवला. सप्लायची वायर काढून तो जोडला. आता माणसाची गरजच नाही.

अॅडॉप्टरकडून ०.०. संगणकात १.६.

चांगलं वाढलेलं ताट समोर असून तो शिवत नाही. पुन्हा जुनी वायर जोडली. तिच्याकडूनही ०.०. पूर्वी ०.४ तरी घेत होता. ज्याच्याशिवाय तो सुरूच होऊ शकत नाही ते मेमरी कार्ड काढून घेतलं. तरी चालू. गर्दीचा आवाज ऐकू येतो, स्पीकर बंद असूनही—

मेहुणे दारात उभे होते. म्हणाले, तुम्ही धाकटीपेक्षा दमाच्या आहात, ताई.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाहेर पडायचे तीन प्रयत्न. पायरीशी पाय दुमडतात. शेजारीण कुंपणापलीकडून बोलली, मेहुणे तुमची किती सेवा करतात. मी सांगायला गेले, तोंडातून शब्द—

अक्षर बघवत नाही. हे माझं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मेहुण्यांनी धाकटीला कळवलं. ताई अंथरुणाला खिळली, ये. उद्या दुपारी पोचते आहे.

आवाज गोळा करून तिला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. तीनदा. ती म्हणाली, जन्मभर तुझे हुकूम ऐकले, हा एक नाही ऐकणार. आणि रडली. आयुष्यात एकदाच हट्ट केला तो आता—

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी. मागच्या खोलीत आहे. आतून कडी घातली. मेहुणे दार वाजवतात, काम बिघडेल म्हणतात.

बोर्ड फोडायला हातोडी उचलत नाही. मग हिशेब सरळ आहे. संगणकाच्या तोंडाशी मीटर तेवढा ठेवला, बाकी सगळ्या वायरी काढल्या. आता त्याला फक्त मी. संपले की बंद पडेल. कुठलाही सप्लाय संपतोच. ती यायच्या आत व्हायला हवं. बोर्डाला हात लावून बसले. डाव्या हाताने नोंद.

११.१० — १.६
११.४० — १.३
१२.०५ — ०.९. दिवा मंद. गर्दीचा आवाज विरळ झाला. चांगलं चाललंय.
१२.२० — ०.५. थंडी. हात दिसत नाही नीट
१२.३० — ०.२. आता थोडंच. अजून दहा मिनि—

फाटक वाजलं.

लवकर आली. ताई ताई म्हणून हाका. नको. मागे फिर, धाकटे, पायरी चढू नको, आवाज निघत नाही माझा—

१२.३२ — ०.२
०.६
१.१

दिवा हिरवा. ती कडी वाज