टोमण्यांची मालकीण

सर, तुमचा टोमण्यांचा ग्रंथ पुन्हा छापतायत आणि प्रस्तावना माझ्या गळ्यात पडली आहे. तुमच्या कादंबऱ्यांवर लिहायला विद्वानांची रांग लागते. भांडखोर बायकांवर लिहायला जुनी विद्यार्थिनी बरी. तीन आठवडे सेंगकांगच्या या फ्लॅटमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालतेय. तुम्ही आभार मानलेत, ‘नाव न छापण्याची इच्छा असलेल्या पुण्याच्या बाईंचे’. ती ओळ माझ्या थापेवर उभी आहे.

इथल्याच क्वीन्सटाउन भागातलं तुमचं स्वयंपाकघर. रविवारची दुपार. तुम्ही दाण्याची आमटी ढवळताय. त्यात कोंबडी नसती तर आमच्याकडे उपासाला चालली असती. तुमच्या मायदेशातल्या, घानाच्या किनाऱ्यावरच्या कोळणींचे टोमणे तुम्ही आयुष्यभर गोळा केलेत, आणि प्रत्येकाखाली बाईचं पूर्ण नाव, गाव, कुणाची लेक. माझ्या प्रबंधात आईच्या टोमण्यांखाली मात्र ‘माहिती देणारी स्त्री, वय पंचावन्न, पुणे’. तुम्ही डाव खाली ठेवता. “हिला नाव नाही? एवढं घडवायला हिला तीस वर्षं सासर सोसावं लागलं, आणि सही तुझी?” मी म्हणते, “आईच नको म्हणाली, सर.” तुम्ही लगेच नरमता. “मग तिचा शब्द मोठा,” म्हणून मला वाढायला घेता. पुढे तुमच्या ग्रंथातही तिचे टोमणे तसेच, बिननावाने गेले. आईला मी विचारलंच नव्हतं. विद्यापीठात मला तिचे टोमणे चालत होते, ती चालत नव्हती. आज उपहास लिहून मी नाव कमावते, त्यातलाही निम्मा माल तिचाच.

काल शेवटी विचारलं. ती आता माझ्याकडेच असते. वाल सोलत बसली होती.

“आई, त्या पुस्तकात तुझं नाव घालू?”

“मग इतकी वर्षं काय झालं होतं?”

“सरांनी गाळलं होतं,” मी म्हटलं. इतक्या सहज, की मलाच खरं वाटलं.

तिने मान वर केली नाही. “एवढा शिकलेला माणूस, आणि बाईचं नाव लिहायची वेळ आली की शाई संपली होय त्याची?” मग पुढचा वाल सोलत, “घाल. माहेरचं आडनाव घाल.”

घातलं, सर. प्रस्तावनेत सगळं खरंही लिहिलं, तुमच्यावर ढकलल्याचंसुद्धा. प्रस्तावना इंग्रजीत आहे आणि आईचं इंग्रजी बसच्या पाटीपुरतं, म्हणून तेवढं धाडस झालं. हे पत्र मराठीत आहे. ते टेबलावर ठेवायची माझी छाती नाही.